देवांची चाल

इनामदारसाहेब समोरच्याचा मोहरा मारला की त्याला हळूच "माफ करा" म्हणायचे आणि पटाशेजारी अंथरलेल्या पांढऱ्या रुमालावर आडवा निजवायचे. उभा ठेवत नसत. मी मंडळात नवा असताना कारण विचारलं, तर म्हणाले, "मेलेल्याला उभं ठेवतात का तुमच्याकडे?"

खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेला हा उंच, हडकुळा माणूस आमच्या बुद्धिबळ मंडळात दर रविवारी सकाळी यायचा आणि शक्यतो सदाशिव पेठेतल्या देवांशीच खेळायचा. देव म्हणजे निवृत्त शिक्षक. दोघांचाही खेळ बेताचाच, पण बसायचे असे की जणू खटल्याचा निकाल लागणार आहे. बोलणं "शह" एवढंच. एकदा देव "आज गारठा आहे" म्हणाले, तर साहेबांनी पंचांना बोलावलं.

मंडळाच्या स्पर्धेत दोघांचा शेवटचा डाव वेळेत संपला नाही, म्हणून पुढच्या रविवारवर गेला. मधल्या आठवड्यात देव झोपेतच गेले.

रविवारी साहेब इस्त्रीचा शर्ट घालून हजर. डाव तुम्हालाच दिलाय, असं पंचांनी सांगितलं. साहेबांनी ते ऐकून घेतलं आणि पट होता तसा मांडायला घेतला. मेलेले मोहरे रुमालावर. मग आपली चाल करून त्यांनी पटाशेजारच्या जोडघड्याळातलं देवांच्या बाजूचं घड्याळ सुरू केलं.

"चाल देवांची आहे," ते म्हणाले. "त्यांचा वेळ शिल्लक आहे. तो मी कसा घेऊ?"

आम्ही आपापले डाव सोडून भिंतीशी उभे राहिलो. टिकटिक तेवढी ऐकू येत होती. मध्येच साहेबांनी मला पंखा कमी करायला सांगितला; देवांना वारा सोसत नसे. मी केला. थोड्या वेळानं ते एकदम सावरून बसले, समोरच्यानं मोहऱ्याकडे हात नेला की आपण बसतो तसे. त्या रिकाम्या खुर्चीकडे कुणीच पाहीना.

देवांचा वेळ संपून घड्याळाचा झेंडा पडला. साहेबांनी उठून हात पुढे केला, क्षणभर तसाच धरला आणि मागे घेतला.

बाहेर आल्यावर मला म्हणाले, "देवांचं घर माहितीय तुम्हाला? इतकी वर्षं झाली, मी कधी विचारलंच नाही."

मी त्यांना स्कूटरवरून नेलं. दार देवांच्या सुनेनं उघडलं. आपण कोण, असं तिनं विचारलं.

"मी त्यांच्या समोर बसायचो," साहेब म्हणाले.