मोघे काकांची इंग्लंडची रजा

मे महिन्यातल्या दुपारी, डांबर चपलेला चिकटत असताना, भोपाळमध्ये शाहपुऱ्याच्या तळ्याकाठी कोणी रेनकोट घालून चालताना दिसला तर घाबरू नका. ते मोघे काका. उजव्या हातात चाकांची बॅग, डाव्या खांद्यावर आट्याचं पोतं. रेनकोट इंग्लंडच्या पावसासाठी. आटा म्हणजे कबीर. कबीर हा त्यांचा सहा वर्षांचा नातू. तो चालता चालता झोपतो आणि झोपला की उचलून घ्यावा लागतो. म्हणून सुनेकडून फोनवर त्याचं वजन मागवून काकांनी तेवढा आटा पोत्यात भरला होता आणि तळ्याला फेऱ्या मारत होते. लंडनच्या स्टेशनात कबीर झोपला आणि आपल्याला दम लागला, तर गाडी चुकेल. गाडी चुकली की आयर्लंडची बोट चुकेल. आणि बोटीसाठी तर सगळा खटाटोप होता.

मी त्यांच्या शेजारी राहते. पत्रकं काढणं, सह्या गोळा करणं, कचेऱ्यांसमोर बसणं, ही माझी कामं. काकांची सही मला एकदाही सरळ मिळालेली नाही. रस्त्यासाठी झाडं तोडायला निघाले होते तेव्हा मी पत्रक घेऊन गेले, तर त्यांनी चष्मा लावून ते पूर्ण वाचलं, शुद्धलेखनाच्या चुका लाल पेनानं दुरुस्त केल्या आणि विचारलं, "पोलिसांनी उठवलं तर? स्टँडबाय काय?"

हा त्यांचा आवडता शब्द. गोविंदपुऱ्यातल्या सरकारी कारखान्यात देखभालीचं नियोजन करण्यात त्यांची हयात गेली. तिथं प्रत्येक पंपाला जोडीला दुसरा पंप असायचा, पहिला बंद पडला की लगेच सुरू करायला. निवृत्तीनंतर त्यांनी हा नियम सगळ्या सृष्टीला लावला. भाजीला स्टँडबाय म्हणून लोणचं. डाव्या गुडघ्याला स्टँडबाय म्हणून काठी. काकू गेल्या तेव्हा भेटायला आलेल्या कोणीतरी "आता स्वतःला सांभाळा" असं म्हटलं, तर हे म्हणाले, त्या जागेला स्टँडबाय ठेवला नव्हता. लोकांना वाटलं विनोद केला. मी तिथं होते. विनोद नव्हता.

इंग्लंडच्या सहलीवर माझं मत मी त्यांना तोंडावर सांगितलं होतं. ज्यांनी आपल्याला लुटून नेलं, त्यांच्याच गावी पदरचे पैसे घालून जायचं आणि त्यांचे राजवाडे बघून वा वा करायचं, याला मी गुलामी म्हणते. काका शांतपणे म्हणाले, "अगं पुढारीण, आपलाच माल तिथं ठेवलाय. बघून यायला काय हरकत आहे?" मग आयर्लंडचा विषय काढून म्हणाले की ती मंडळी तर तुझ्याच जातकुळीतली, पत्रकं काढून काढून सुटली.

खरं कारण वेगळं होतं आणि ते त्यांनी लपवलंही नव्हतं. मुलगा पुण्यात. नातवंडं दोन, दहा वर्षांची रेवा आणि कबीर. पूर्वी ती सुट्टीत महिनाभर भोपाळला यायची. मग आठवडाभर यायला लागली. मग भोपाळला फार गरम होतं असं ठरलं. तेव्हा काकांनी ठेवीतून पैसे काढून मुलाला सांगितलं की सगळे मिळून इंग्लंड-आयर्लंडला जाऊ, तिकिटं माझी. "तिथं पंधरा दिवस कुठं पळतील?" ते मला म्हणाले. "इंटरनेट महाग आहे बाहेर. माझ्याशी बोलण्याशिवाय गत्यंतर नाही पोरांना."

बेत कारखान्याला शोभेल असा होता. पाऊस पडला तर काय, रेवा रुसली तर काय, कबीरनं न्याहारीला उकडलेलं काही खायचं नाकारलं तर काय. राजवाड्याला स्टँडबाय संग्रहालय, संग्रहालयाला स्टँडबाय बाग, बागेला स्टँडबाय दुमजली बस. तिथं पोचल्यावर पुन्हा विमान त्यांना मंजूर नव्हतं. लंडनहून रेल्वेनं किनाऱ्याला जायचं आणि तिथून बोटीनं डब्लिनला, कारण रेवा एकदा म्हणाली होती की तिनं समुद्र नुसता काठावरून बघितलाय. त्या एका वाक्यावर काकांनी बोटीची वेळापत्रकं पाठ केली. रेवा रोज संध्याकाळी फोन करून विचारायची, "आजोबा, बोटीत झोपायचं कुठं?" आणि काका खुर्चीत ताठ बसून, एखाद्या साहेबाला अहवाल द्यावा तसं तिला सांगायचे.

व्हिसाचे कागद महाराणा प्रताप नगरातल्या एका एजंटानं केले. फक्त सोबतचं पत्र काकांनी स्वतः लिहिलं आणि त्याला न दाखवताच पाकिटात घातलं. पत्र लिहिणं हे एजंटाचं काम आहे हे त्यांना मान्य नव्हतं.

मुलगा, सून, रेवा, कबीर, चौघांचे व्हिसे आले. काकांचा नाकारला.

मी त्यांच्याबरोबर एजंटाकडे गेले, भांडायच्या तयारीनं. एजंट तिशीचा पोरगा. त्यानं पत्राची प्रत वाचली, परत वाचली आणि डोक्याला हात लावला. "अंकल, ये आपने क्या लिख दिया."

पत्र मी घेऊन वाचलं. सुंदर इंग्रजीत लिहिलं होतं की पंधरा दिवसांची परवानगी मिळावी. माझ्या अनुपस्थितीमुळे कोणाचीही गैरसोय होणार नाही. माझ्याकडे कोणतंही काम प्रलंबित नाही. माझ्यावर कोणीही अवलंबून नाही.

तुमच्या घरात कोणी सरकारी कारखान्यात असेल तर तुम्हाला एव्हाना कळलं असेल. काकांनी रजेचा अर्ज लिहिला होता. आयुष्यभर असाच लिहिला आणि आयुष्यभर मंजूर झाला. माझ्यावाचून काही अडणार नाही असं साहेबाला पटवलं की रजा मिळते. आणि व्हिसावाल्याला पटवायचं असतं नेमकं उलट, की माझ्यावाचून इथं अडतं, म्हणून मी परत येणार. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यानं सही करून लिहून दिलं होतं की त्याला परत येण्याचं काहीही कारण नाही.

मी तिथंच सुरू झाले. माणसानं आपल्याच घरी परत येण्याचा पुरावा परक्यांना का द्यायचा, ते इथं आले तेव्हा कोणी विचारला होता, वगैरे. एजंट म्हणाला, "दीदी, मोर्चा बाद में निकालना. शनिवार तक नया लेटर दे दो, जल्दीवाली फीस भरेंगे, शायद हो जाए."

बाहेर आल्यावर काका म्हणाले, "तू लिही. पण खोटं एक अक्षर नको. ज्याचं नाव घालायचं त्याला मी आधी विचारून येतो."

आणि ते खरंच विचारायला निघाले. भर उन्हात, दारोदार, मी नसलो तर तुमची अडचण होईल का. कामवाल्या मीराबाई म्हणाल्या, "बाबूजी, आप बेफिकर जाओ, पौधों को पानी मैं दे दूँगी." मराठी मंडळाचा हिशेब ते सांभाळतात. चिटणीस म्हणाले, अहो जा की, आता तरुणांनी शिकायला नको का. कॉलनीच्या पाण्याची मोटर रोज सकाळी तेच लावायचे. तिथं कळलं की गेल्याच महिन्यात आपोआप चालू-बंद होणारं बटण बसवलंय. काकांना वाईट वाटू नये म्हणून सांगितलं नव्हतं. काका रोज जाऊन एक बंद पडलेलं बटण दाबत होते. फिरायला येणाऱ्या मित्रांनी तर पाठ थोपटून शुभेच्छा दिल्या. एकजात सगळे प्रेमानं बोलले. एखादा जरी खडूस निघाला असता तरी काम झालं असतं.

शुक्रवारी संध्याकाळी ते आमच्या ओट्यावर येऊन बसले.

"सगळे चांगले आहेत," ते म्हणाले. "कोणाचीच अडचण नाही."

मी म्हटलं, तरी लिहूया, कोण तपासायला येणार आहे. ते मान हलवत राहिले. म्हणाले, "व्हिसावाल्यांचं चुकलं नाही गं. प्रश्न बरोबर होता त्यांचा. माझ्याकडे उत्तर नाही."

मला राग आला. कोणावर ते ठरेना, तेव्हा त्यांच्यावरच काढला. "अख्ख्या कॉलनीला विचारलंत. मला नाही विचारलंत."

"तू फटकळ आहेस," ते म्हणाले. "तुला विचारायची भीती वाटली."

मी काही बोलणार तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. रेवा. तिच्या बापानं तिला सांगून टाकलं होतं की आजोबांचं रद्द झालंय, आणि ती रडत विचारत होती की का. सहल पुढं ढकलूया म्हणून मुलगा मागून बोलत होता. काकांनी त्याला गप्प केलं. तिकिटं परत होत नाहीत, तुम्ही जायचं. मग ते रेवाशी बोलले, आणि त्यांचा आवाज एकदम वेगळा झाला, जरा वैतागलेला, घाईतला.

"अगं, काय सांगू तुला. यायचंच होतं मला. पण ही इथली माणसं. मोटर कोण लावणार म्हणतात, हिशेब कोण बघणार म्हणतात. मीराबाई तर रडायलाच लागल्या. सोडतच नाहीत बघ मला. अडून बसलेत सगळे."

रेवाला ते पटलं नसावं, कारण काकांनी फोन कानापासून काढला आणि माझ्यापुढे धरला. माझ्याकडे बघितलं मात्र नाही, रस्त्याकडे बघत राहिले.

"ताई," रेवा म्हणाली, "आजोबा खरं सांगतायत?"

"हो," मी म्हटलं. "नाही सोडत आम्ही त्यांना."

"का पण?"

"आमचं अडतं."

काकांनी फोन परत घेतला. "ऐकलंस ना?" ते नातीला म्हणाले, माणसांना अगदी कंटाळलेल्या माणसासारखे. "मी म्हटलं नव्हतं? काय करणार सांग."