सीमेच्या आतली स्नोमोबाईल

इंग्लंडात आमच्या लेस्टरमध्ये बर्फ पडतो तो पिठीसाखर भुरभुरावी इतका. तोही दुपारपर्यंत टिकत नाही. तरी आमच्या डॉक्टरकाकांच्या ड्राइव्हवेवर बारा महिने एक स्नोमोबाईल उभी असते. पुढे दोन स्की, मागे रबरी पट्टा, चाक म्हणून एकही नाही.

डॉक्टरकाका म्हणजे डॉ. सबनीस, रिटायर्ड भूलतज्ज्ञ. काकू गेल्या त्या वर्षी त्यांनी हे यंत्र स्कॉटलंडातल्या कुठल्याशा शेतकऱ्याकडून आणलं. मी त्यांच्या वरच्या खोलीत राहते आणि केअर होममध्ये म्हाताऱ्या माणसांना आंघोळी घालते. माझी शाळा नववीत सुटली, विट्याहून थेट इथे आले ती व्हिसाच्या भरवशावर. खोली देताना बाकीचे घरमालक दहा प्रश्न विचारत, काकांनी विचारलं, "भाकरी येते का?" येते म्हटल्यावर किल्ली हातात ठेवली. त्यामुळे त्यांच्याविषयी वेडंवाकडं मी ऐकून घेत नाही. सांगायचं ते मी सांगीन.

काकांना कायदा तोंडपाठ. रस्ता पब्लिक, फुटपाथ पब्लिक, पार्क कौन्सिलचं. नंबरप्लेट नाही, इन्शुरन्स नाही, म्हणून ही गाडी यातल्या कशावरही न्यायची नाही. उरला ड्राइव्हवे. "प्रायव्हेट लँड, मंगल," असं ते म्हणतात, जणू पाच एकर बागायत आहे. दर रविवारी जेवणाआधी ते हेल्मेट चढवतात, स्की सरकाव्यात म्हणून खाली अंथरलेल्या जुन्या गालिच्यावर पाइपने पाणी मारतात आणि गॅरेजच्या दारापासून हद्दीपर्यंत गाडी नेतात. मग आम्ही दोघं ती ढकलत मागे आणतो. मागच्या सीटवर बस म्हणून कितीदा म्हणाले, मी काही बसले नाही. बसेपर्यंत प्रवास संपतो.

भानगड दसऱ्याला झाली. काकांच्या मते जी गाडी दसऱ्याला सीमोल्लंघन करत नाही ती वर्षभर रुसून बसते. बेलग्रेव्ह रोडवरच्या देशी दुकानातून झेंडूचा हार आला, पट्ट्याखाली लिंबू गेलं, मी तबक घेऊन उभी. "पूर्ण नाही गं, नुसती टोकं," असं म्हणत काकांनी स्कीची टोकं फुटपाथवर काढली. तिकडे लिंबू फुटलं आणि समोरच्या ब्रायनने पोलिसांना फोन लावला. इंजिनचा आवाज त्याच्या कुत्र्याला सोसत नाही.

आलेला पोलीस कोवळा होता आणि नम्र. काकांनी त्याला पांडव, शमी, आपटा असं सगळं पहिल्यापासून समजावलं. त्याने मन लावून ऐकलं आणि मग विचारलं, की हा सण बाउंड्रीच्या आत साजरा करता येणार नाही का. काकांनी पुन्हा पांडवांपासून सुरुवात केली. दोन्ही वेळा सगळं मी ऐकलंय. मग त्याने ताकीद दिली: पुन्हा फुटपाथवर किंवा रस्त्यावर दिसली, तर गाडी जप्त.

मी ऐकलंय म्हणते, कारण बघितलं नाही. युनिफॉर्म दिसताच मी तबकासकट बॉयलरच्या कपाटात शिरले होते. माझे व्हिसाचे कागद सगळे रीतसर आहेत, पण ते मला कपाटात शिरल्यावर आठवलं. काकांनी दार उघडलं, निरांजन आधी विझवलं होतंस ना, एवढंच विचारलं आणि जेवायला वाढ म्हणाले.

आणि जानेवारीत बर्फ खराच पडला. सकाळी दार उघडलं तर पायरी दिसेना. बसेस बंद, टॅक्सीवाले फोन उचलेनात. मॅनेजरचा निरोप आला होता, की रात्रपाळीच्या मुली उभ्या-उभ्या झोपतायत, कसंही करून ये. माझा व्हिसा या नोकरीवर आणि बाकी सगळं व्हिसावर. मी रडकुंडीला येऊन खाली उतरले, तर काका हेल्मेट घालून तयार. चेहरा बोहल्यावर चढायला निघाल्यासारखा.

"बस मागे."

बसले. समोर ब्रायनचा पडदा हलला. गाडी पहिल्यांदाच ओल्या गालिच्याशिवाय सरकली, लोण्यातून सुरी जावी तशी, आणि हद्दीवर येऊन थांबली. पुढे पांढराशुभ्र रस्ता, चिटपाखरू नाही. इंजिन घुरघुरत होतं. काकांनी वळून पाहिलं. मी डोळे मिटून त्यांचा कोट दोन्ही मुठींत धरला होता.

त्यांनी इंजिन बंद केलं. "उतर."

मी म्हटलं, बरं झालं, नेली असती हो पोलिसांनी गाडी.

"गाडी नेऊ देत. भंगार आहे ते," काका म्हणाले. "ते तुझंही नाव विचारतील, मंगल. ते मला नको."

मग आम्ही चालत निघालो. काका पुढे बूट रोवून खड्डा करायचे, मी त्यात पाऊल टाकायचं. चढावर ते थांबले की मी बुटाची नाडी बांधायला वाकायचे, म्हणजे त्यांना दम खाता येई. इतक्या वर्षांची हौस राहिली की तुमची, असं म्हटलं, तर म्हणाले, बर्फात बोलू नये, घसा धरतो.

केअर होमच्या दारातून त्यांना मी सावकाश घरी जा म्हणून सांगितलं आणि कामाला लागले. दुपारी सुटून बाहेर येते तर काका लाउंजमध्ये. मांडीवर हेल्मेट, हातात गार झालेला चहा, दोन आजीबाईंना फुटपाथचा कायदा समजावून देतायत. मॅनेजर मला बाजूला घेऊन म्हणाली, की अगं, हे सकाळपासून इथेच बसलेत. कोणाला भेटायला आलात म्हणून विचारलं, तर म्हणतात, भेटायला नाही. घरचं माणूस सुटायचंय, न्यायला आलोय.