दिव्यांचं पाणी

मुंबईने दिवे लावले की इकडे खोपोलीत बाळूतात्यांचे पाय भिजायचे. संध्याकाळ झाली की ते धोतर गुडघ्यापर्यंत खोचून पाताळगंगेच्या काठच्या दगडावर पाय सोडून बसायचे. पाणी घोट्याच्या वर चढलं की म्हणायचे, "घे! लागलं दादर."

यात वेडेपणा थोडा आणि खरं जास्त होतं. घाटावरून मोठाल्या नळांतून येणारं पाणी पॉवरहाऊसची चाकं फिरवून नदीत सुटतं. मुंबईने जास्त वीज मागितली की आमची नदी वाढते. तात्यांचा जन्म त्या पॉवरहाऊसमध्ये गेलेला. रिटायर झाले, पण मुंबईच्या दिव्यांची काळजी काही सुटली नाही.

त्याला कारण होतं. त्यांची एकुलती मुलगी सुमन करी रोडला चाळीत राहायची. तिने स्वतःच्या मनाने लग्न केलं, म्हणून तात्यांनी तिला घराचं दार बंद केलं होतं. मग कुणीतरी सांगत आलं की ती संध्याकाळी शिवणकाम करते आणि तिच्या घरचा दिवा अगदी मिणमिणता जळतो. आमच्या आळीवर संक्रांत आली ती तेव्हापासून.

मी शेजारी, त्यामुळे पहिला मार मला. दिवेलागणीला इस्त्री लावली रे लावली की खिडकीतून हाक यायची, "ओ मास्तर, इस्तरी सकाली करा! आता मुंबई घरी येतेय." गिरणीवाल्याच्या मागे लागून त्यांनी संध्याकाळचं दळण दुपारवर नेलं. "सगल्यांनी एकदम मागितलं तर कुनाला तरी कमी पडनारच," हे त्यांचं पालुपद.

पॉवरहाऊसमध्ये मशीन बसवायला आलेल्या एका गोऱ्या साहेबाने हे खूळ त्यांच्या डोक्यात भरवलं होतं. विलायतेत म्हणे रात्रीच्या स्वस्त विजेवर विटा तापवून ठेवतात आणि दिवसभर त्यांची ऊब घेतात. फ्रान्समध्ये रात्रीचा भावच वेगळा. "तिकडं मानसाला इचारतात, बाबा रं, जरा थांबतोस का?" तात्या कौतुकाने सांगायचे. आळीतल्या गंगूबाईंनी निकाल दिला, "तात्या, आपल्याकडं विटा उन्हात ठेवल्या तरी तापतात. फुकट!"

एकदा मी धीर करून म्हटलं, "तात्या, एवढा जीव आहे तर जाऊन या ना एकदा."

"येऊ नको असं मीच म्हनलो," ते पाण्याकडे बघत म्हणाले. "आता कुठल्या तोंडानं जाऊ?"

पुढे गंगूबाई बारशाला मुंबईला गेल्या आणि वाकडी वाट करून सुमनकडे तक्रार घेऊन धडकल्या. "तुज्या दिव्यापायी आमची सगली गल्ली चुरगललेली कापडं घालून फिरते गं. बापाला आवर!"

त्यानंतरची ती थंडीची संध्याकाळ. नदीवर धुकं उतरत होतं आणि पलीकडचा डोंगर त्यात हळूहळू विरघळत होता. मी तात्यांशेजारी बसलो होतो. अशा वेळी बोलावंसं वाटत नाही, नुसतं तरंगत राहावंसं वाटतं. पाणी हलकेच चढलं.

"सुमीनं दिवा लावला," तात्या स्वतःशीच म्हणाले.

"नाय ओ आबा, मी हितं हाय," मागून आवाज आला.

तात्यांनी मान वळवली नाही. मी वळून पाहिलं, तर सुमन उभी होती, हातात चपला घेऊन.

"मग तिकडं दिवा कुनी लावला?" तात्यांनी नदीलाच विचारलं.

"त्यांनी. सैपाक करतायत."

"जावई सैपाक करतात?"

'जावई' हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकला. तात्या दगडावर थोडे सरकले, आणि सुमनने त्यांच्या शेजारी बसून पाण्यात पाय सोडले.