कंसातला जावई

"चारशे नावं आहेत. प्रत्येकापुढे कंसात माझा शेरा आहे. शेरे काढ आणि आमंत्रणं पाठव," बापाक वार्दोयो भावी जावयाला म्हणाले. "एकाही पाहुण्याचा अपमान झाला, तर लग्न पुढच्या वर्षी!"

बापाक (जावा बेटावर वडीलधाऱ्यांना असंच म्हणतात) निवृत्त मुख्याध्यापक. माणूस दिसला की त्यांना शेरा सुचायचा. यादीची सुरुवातच 'कार्तोनो (जेवायलाच येतो)' अशी होती. जत्मिको योग्यकार्तातल्या एका कंपनीत प्रोग्रॅमर. त्याला हे काम म्हणजे डाव्या हातचा मळ वाटला.

"पाच मिनिटं, बापाक!"

त्याने कॉम्प्युटरला नियम दिला : कंस उघडला की पुसायला लाग, कंस मिटला की थांब. यादी होती एकाच सलग ओळीत, आणि कॉम्प्युटर पडला हावरट. पहिला कंस उघडल्यावर तो थेट शेवटचा कंस मिटल्यावरच थांबला. चारशे पाहुण्यांत एकटा कार्तोनो उरला.

"आणि हा जेवायलाच येतो!" बापाक कडाडले.

जत्मिकोने घाईघाईने नियम बदलला : कंस मिटताना दिसला की तिथल्या तिथे थांब. पहिली पन्नास नावं तपासली, एकदम चोख. बाकीची कोण बघत बसतो? आमंत्रणं गेली.

अर्ध्या तासात बापाकांची थोरली बहीण लास्त्री मोबाइल नाचवत दारात हजर.

"'लास्त्री मागे बसवा)' म्हणे! हे आमंत्रण आहे?"

जत्मिकोने मूळ यादी उघडली. 'लास्त्री (फार बोलते (माईकवर तर फारच) मागे बसवा)'. कंसात कंस! आतला कंस मिटताच पुसणं थांबलं होतं. बापाकांचा चेहरा पांढराफटक पडला. लग्न आता गेलंच, असं जत्मिकोला वाटलं.

"चूक माझी, आत्या," तो म्हणाला. "मीच काहीतरी लिहून बघत होतो."

"खोटं नको बोलूस रे. याला जन्मल्यापासून ओळखते मी. कंसात कंस घालणारा आख्ख्या जावात हा एकच." लास्त्रीआत्या खुर्चीत टेकल्या. "मागेच बसेन. पण बाक्सोच्या गाडीशेजारी, मांसाच्या गोळ्यांचं गरम सूप हाताशी हवं. कळलं का रे?"

"हो, ताई," बापाक पुटपुटले.

संध्याकाळी त्यांनी घरच्यांची यादी पाठवली. लग्न याच वर्षी, असं वर लिहिलं होतं. शेवटची नोंद होती : 'जत्मिको (खोटं बोलतो (तेही धड नाही) पण आपला माणूस)'.

जत्मिकोने त्यावर तोच फसलेला नियम चालवला. पडद्यावर उरलं, 'जत्मिको पण आपला माणूस)'.

ही चूक त्याने दुरुस्त केली नाही.