एकेचाळीस पोटं आणि एक हिरवी पिशवी

२०१२ सालच्या नोव्हेंबरपर्यंत माझी बालंबाल खात्री होती, की पोटात काय कुठे असतं हे अख्ख्या उत्तर विस्कॉन्सिनमध्ये माझ्याइतकं कोणालाच ठाऊक नाही. शिकार माझा नवरा एल्रॉय करायचा, पण हरीण साफ करायचं ते मी. लग्नापासून एकेचाळीस हरणं मी गॅरेजमागच्या मेपलच्या झाडाला टांगून उघडली होती. डोळे मिटून हात घातला तरी हवं तेच हाती यायचं!

त्या आठवड्यात आमची सात वर्षांची नात ब्रिटा राहायला आली होती. तिच्या टॅबलेटवर शरीराचा एक खेळ होता. पडद्यावर काचेचा मुलगा उभा आणि बाजूला त्याचे अवयव विखुरलेले. बोटाने ढकलत एकेक जागेवर बसवायचा, की तो जिवंत व्हायचा. मी हृदय बसवलं, तर ते माझ्या बोटाखाली धडधडू लागलं. तापल्या तव्याला लागावं तसं मी बोट मागे घेतलं. मग फुप्फुसं हलू लागली. एप्रिलमध्ये बर्फ फुटून सगळे ओढे एकदम धावत सुटतात ना, तसं त्या पोराच्या अंगभर रक्त धावायला लागलं. मी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. आयुष्यभर मी सगळं बंद पडल्यावरच पाहिलं होतं. चालू असतानाचं हे पहिल्यांदाच.

शेवटी एक छोटी हिरवी पिशवी उरली.

"ती यकृताखाली बसते, आजी."

"तिथे काही नसतं. एकेचाळीस यकृतं काढलीत मी."

"पण खेळ म्हणतो..."

"खेळ चुकलाय."

लेकरांना चुकीचं शिकवतात म्हणजे काय! खेळातच बनवणाऱ्यांना पत्र लिहायची सोय होती. मी एका बोटाने टाइप केलं: 'तुमची हिरवी पिशवी काढून टाका. मी स्वतःच्या हातांनी एकेचाळीस पोटं उघडली आहेत, गॅरेजमागे, झाडाला टांगून. एकातही ती निघाली नाही. खात्री करायची असेल तर या. या वर्षीचा माल अजून फ्रीजरमध्ये आहे.' खाली नाव आणि पूर्ण पत्ता.

हरीण हा शब्द लिहायचा राहिला, हे माझ्या लक्षातही आलं नाही. आमच्याकडे नोव्हेंबरात, शिकारीच्या दिवसांत, 'टांगलंय' म्हटलं की काय टांगलंय, असं कोणी विचारत नाही. पण कंपनी कॅलिफोर्नियातली. तिथे विचारतात.

शुक्रवारी चर्चच्या हॉलमध्ये तळलेल्या माशांची तीन ताटं एल्रॉयने रिचवली. शनिवारी दुपारी तो उजव्या बरगडीखाली हात दाबून खुर्चीत दुमडला. चेहरा पिठासारखा पांढरा, कपाळावर घाम. दवाखान्यात चल म्हटलं तर म्हणाला, "तसं बरंय." झाड अंगावर पडलं तेव्हाही तो हेच म्हणाला होता. मी त्याला खायचा सोडा पाण्यात ढवळून पाजला.

ब्रिटाने त्याच्या बरगडीखाली बोट टेकवलं. "आजी, हिरवी पिशवी इथेच असते."

"आता खेळ नको गं," मी म्हटलं.

तेवढ्यात दार वाजलं. शेरिफच्या ऑफिसातला पोलीस लाइल टोपी हातात धरून उभा होता. हा पोरगा लहानपणी चर्चमधल्या माझ्या रविवारच्या वर्गात बसायचा.

"व्हर्नाकाकू, राग मानू नका. वरून आदेश आलाय, म्हणून विचारतो. तुमच्या फ्रीजरमध्ये कोण आहे?"

"कोण म्हणजे?"

खेळाच्या कंपनीने पोलिसांकडे धाडलेलं माझं पत्र त्याने पुढे केलं. मग त्याची नजर माझ्या खांद्यावरून आत गेली, दुमडलेल्या एल्रॉयवर आणि तिथून माझ्या हातातल्या ग्लासवर.

"काय पाजलंत त्यांना?"

"लाइल," एल्रॉय आतून कण्हत म्हणाला, "तिला अटक कर नाहीतर मला दवाखान्यात ने. काय ते लवकर ठरव."

लाइलने आम्हा तिघांनाही गाडीत घातलं. भोंगा वाजवत, बर्फावरून घसरत आम्ही पोचलो. डॉक्टर एल्रॉयच्या पोटावर सोनोग्राफीचं यंत्र फिरवू लागले. पडद्यावर मला नुसतं हिमवादळ दिसत होतं. ब्रिटा टाचा उंचावून म्हणाली, "ती बघा!"

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे. पिशवी खरंच तिथे होती, टम्म फुगलेली आणि खड्यांनी भरलेली. आणखी अर्धा दिवस गेला असता तर फुटली असती, म्हणाले.

मी बघतच राहिले. सेहेचाळीस वर्षं ज्या माणसाशेजारी झोपले, त्याच्या आत एक खोली होती आणि मला तिचा पत्ता नव्हता.

"पण माझ्या हरणांत..." मी पुटपुटले.

डॉक्टर स्वतः शिकारी. ते शांतपणे म्हणाले, "व्हर्नाबाई, हरणाला पित्ताशय नसतंच. तुमचं निरीक्षण अगदी बरोबर आहे. फक्त प्राणी चुकला."

डॉक्टर पुढे निवृत्त होऊन ॲरिझोनाला गेले. लाइल शेरिफ झाला, पण माझ्याकडचं सॉसेज अजूनही कशाचं आहे हे विचारल्याशिवाय तोंडात घालत नाही. एल्रॉय आणखी नऊ वर्षं जगला. ऑपरेशनमध्ये निघालेले ते खडे लोणच्याच्या बरणीत ठेवून तो येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचा. ब्रिटा मॅडिसनला जनावरांची डॉक्टर व्हायला शिकतेय.

आणि मी? तो जुना टॅबलेट तिने मला देऊन टाकला. सगळे अवयव येतात मला आता, हिरव्या पिशवीसकट. कानाच्या आतल्या तीन हाडांशी मात्र अजून अडकलेय. मुंडकी एल्रॉयकडे असायची ना! तो ती भिंतीवर टांगायचा. आत कोण बघतंय!