हवेतल्या गाठी

"तुझ्या औषधात गाठी झाल्यात!"

"गाठी तुझ्या डोक्यात झाल्यात!" मामी कडाडली.

नवराबायको एकाच लॅबमध्ये कामाला असले की हे असंच. मामी इंजेक्शनसाठी प्रोटीन बनवते, मामा ते तपासतो. हे प्रोटीन म्हणजे महा नखरेल! जरा बिनसलं की एकमेकांना चिकटतं, गाठी करतं, आणि औषध बाद. बाद मालावर लाल स्टिकर लागलं, की तो थेट खालच्या भट्टीत जळायला! सुरुवातीच्या गाठी डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणून मामा त्यात एक रंग टाकतो. गाठ असली की रंग चमकतो, नसली की गप्प.

"आणि आज ट्यूबलाइटसारखा चमकलाय!" मामा म्हणाला.

"शेजारी नुसतं पाणी लावून बघितलंस?"

"मला पाण्याची साक्ष लागत नाही! माझा रंग खोटं बोलत नाही!"

मामा सकाळपासून फुगलाच होता. आदल्या दिवशी मामी वैतागून म्हणाली होती, "आपला कोट आपण धू." पठ्ठ्याने धुतला! दुप्पट पावडर ओतून! आणि लॅबभर मिरवत होता, "बघा, याला म्हणतात पांढरा!"

मामीचा मात्र अख्खा हिवाळा त्या औषधात गेला होता. तिने तपासणीच्या प्लेटच्या खळग्यांत साधं पाणी आणि रंग घातला. "लाव."

मामाने सवयीने प्लेटचं बूड कोटाच्या टोकाने खसाखसा पुसलं आणि प्लेट चमक मोजणाऱ्या यंत्रात सारली.

पाणी चमकलं!

"पाण्यात गाठी?"

"बाटली जुनी असेल!"

नवी बाटली फोडली. पुसलं, सारलं, चमकलं! मग मामीने कोरी, रिकामी प्लेट दिली. मामाने तीही घासूनपुसून लावली. चमकली!

"हवेत गाठी झाल्यात का रे?"

"हवेचं काही सांगता येत नाही!" मामा ठाम.

मामीने पडदे ओढले, ट्यूब बंद केली आणि तपासणीचा जांभळा दिवा लावला. अंधारात मामा नखशिखांत निळा पेटलेला! भुतानेही लाजावं असा! आणि प्लेटच्या बुडाला त्याच्याच कोटाचे बारीक तंतू, तसेच लखलखणारे.

"कपडे पांढरे दिसावेत म्हणून पावडरीत चमकणारं रसायन घालतात ना, ते हे," मामी दात खात म्हणाली. तिने नमुन्याचं औषध रंग घालून नव्या प्लेटमध्ये घेतलं आणि न पुसता लावलं. स्क्रीनवरची रेघ आडवी झोपली ती झोपलीच. एक गाठ नाही!

"बघ! म्हणजे औषध उत्तम आहे!" मामा असा खुलला, जणू त्यानेच बनवलं होतं. "अभिनंदन!"

"हो. पण माझे औषधाचे खोके कुठेत? थंड खोलीत नाहीत."

मामाच्या चेहऱ्यावरची चमक मात्र झटकन विझली.

"कुठेत?"

"मी ना... सकाळीच स्टिकर लावून... खाली..."

मामीने खिडकीबाहेर भट्टीच्या चिमणीकडे पाहिलं. अजून धूर नव्हता. मग तिने मामाकडे पाहिलं.

"मला आता निघायला हवं!" म्हणत मामा जिन्याने खाली सुटला.