अमेरिका चिचगडहून आली

भोजराजला कुठलीही बोलणी जमवता येतात, असं छातीठोकपणे सांगणारा सौंदडात निदान एक माणूस होता. तो म्हणजे खुद्द भोजराज! गावात कुणाचीही सोयरीक असो, बैठकीत सतरंजीच्या मधोमध हा बसलेला असायचाच. त्यामुळे यंदा दिवाळीनंतरच्या जत्रेत, म्हणजे मंडईत, आपल्या दंडारीच्या नाटकात ‘अमेरिका-चीन समझोता’ करायचा, असं त्यानं जाहीर केलं तेव्हा कुणाला नवल वाटलं नाही. वर्षभर टीव्हीवर ते दोन देश एकमेकांवर टॅरिफ चढवत होते, बोलायला बसत होते आणि रुसून उठत होते. भोजराजला ते बघवत नसे.

“यायले बैठकच बसवता येऊन नाही राहिली!” तो बायकोला म्हणाला. “पहिले पानी, मंग चहा, मंग पोहे. पोट भरल्यावर टॅरिफ काढाचा. हे उपाशी पोटी काढतेत!”

“अमेरिकेचं राहू द्या जी,” अलका म्हणाली. “मंडईले चिचगडचे पाहुणे येऊन राहिले, ते ध्यानात ठेवा.”

चिचगडचे पाहुणे म्हणजे मनिराम. त्यांचा प्रफुल्ल आणि भोजराजची खुशबू गोंदियात नोकरीला होते, आणि दोघांनी एकमेकांना कधीच पसंत केलं होतं. आता फक्त बापांनी बसून हो म्हणायचं होतं. आणि खुशबूला धास्ती होती ती नेमकी बापाचीच.

मंडईच्या दिवशी मनिराम आले. सोबत आपल्या जंगलातली पिशवीभर चारोळी आणली. जेवण झालं, पान झालं. दुपारी दंडार, संध्याकाळी बोलणी, असा भोजराजचा बेत पक्का होता. एवढ्यात निरोप आला की अमेरिका होणारा ओमेश सासरच्या मंडईत जेवायला गेला तो तिकडंच अडकला. चीन होणारा भोजराज तयार, ढोलकी तयार, माणसं खच्चून बसलेली, आणि अमेरिकाच नाही!

भोजराजनं मनिरामकडं पाहिलं. होणाऱ्या व्याह्याला याहून मोठा मान कोणता द्यायचा?

“मले काही येत नाही जी,” मनिराम कसनुसे होऊन म्हणाले.

“काहीच कराचं नाही! खुर्चीवर बसा अन् मागत राहा. बाकी चीन सांभाळते.”

चमकी लावलेली उंच टोपी मनिरामच्या डोक्यावर चढली आणि समझोता सुरू झाला. भोजराजनं चीनसाठी चांगलं कडक भाषण पाठ केलं होतं. पण समोर टोपीखाली साक्षात मुलाचा बाप दिसला आणि त्याचे हात आपोआप जोडले गेले.

“आमची सोयाबीन घ्या,” अमेरिका म्हणाली.

“घेतली जी!”

“तुमच्या मालावर आमी तीस टक्के लावतो.”

“चाळीस लावा जी! घर तुमचंच आहे!”

लोक चुळबुळू लागले. मागून एक जण ओरडला, “काऊन दबून राहिला रे? तू चीन होय का पोरीचा बाप?”

आता काय सांगणार! तो दोन्ही होता. पण भोजराज हाडाचा दंडारवाला. व्याह्याचं तो काहीही ऐकून घेईल, गावचा हुर्यो त्याला सोसवत नसे. त्यानं कंबरेवर हात ठेवले आणि गरजला, “साठ टक्के!”

शिट्ट्या! मनिरामनं दचकून टोपी सावरली. “मंग आमी ऐंशी!”

“शंभर! अन् खनिजं बंद!”

“तुमची खनिजं कोनाले पाह्यजे?”

“अन् तुमची चारोळी कोनाले पाह्यजे? निम्मे खडे आहेत तिच्यात!”

अमेरिका आणि चीन यांच्यात चारोळीचा व्यापार नाही, हे भोजराजच्या ध्यानात आलं तेव्हा उशीर झाला होता. मनिरामचा चेहरा टोपीखाली लालबुंद झाला.

“खडे? अन् मघा तुमच्या भातात का मोती होते?” ते ताडकन उठले. टोपी काढून जमिनीवर आपटली. “नाही होत ही सोयरीक! चाललो मी!”

बायकांमध्ये बसलेल्या अलकानं तोंडाला पदर लावला. खुशबूच्या डोळ्यांत पाणी आलं. आपण लेकीचं सुख टाळ्यांसाठी घालवलं, असं भोजराजला वाटलं.

पण लोकांना त्यातलं काय ठाऊक! त्यांनी मांडव डोक्यावर घेतला. “वन्स मोअर! अमेरिका, वन्स मोअर!”

मनिराम निघाले होते ते थबकले. जन्मभर त्यांनी बाजारात मोहफुलं आणि चारोळी तोलली होती. त्यासाठी कुणी टाळी वाजवली नव्हती. ते मागे फिरले, टोपी उचलली, झटकली, खुर्चीवर बसले आणि पुन्हा ताडकन उठले. “नाही होत ही सोयरीक!” या वेळी टोपी ढोलकीवाल्यापर्यंत गेली.

“वन्स मोअर!”

लोक खुशीत होते आणि भोजराजचा जीव दर वेळी नव्यानं जात होता. शेवटी त्यानं धावत जाऊन अमेरिकेचे पाय धरले. “टॅरिफ शून्य! सोयाबीन घेतो, खनिजं देतो, खडेही खातो! पण सोयरीक मोडू नोका जी!”

त्याचं रडणं इतकं खरं होतं की पुढं बसलेल्या म्हाताऱ्यांनीही डोळे पुसले.

मांडवामागं गेल्यावर भोजराज हात जोडून उभाच राहिला. “मनिरामजी, त्या चारोळीचं...”

“ते सोडा जी!” मनिराम अजून टोपीतच होते आणि चेहऱ्यावरचं हसू काही केल्या मावळत नव्हतं. “आवाज कसा लागला माझा?”

“फस्क्लास! अन्... सोयरीक?”

“पोरगी तर आमची झालीच. तिच्यासारखी पोरगी कोन सोडते?” मनिराम खुर्चीवर बसले आणि विचारात पडले. “पण भोजराजभाऊ, तुमी पहिले सगळं कबूल करता, मंग शंभर टक्के लावता, अन् मंग पाय धरता. तुमच्यासंगं बोलणी करणं काही खरं नाही.” त्यांनी समोरची चीनची खुर्ची पुढं ओढली आणि अलकाला हाक मारली.

“वहिनी, बसा इथं. लग्नाची तारीख काढून टाकू.”

अलका बसली. आणि पंचक्रोशीतली एकूण एक बैठक गाजवलेला माणूस चहा सांगायला गेला.